आठवालं की बारावालं

किशोरची माय,

तू गेलीस आणि ते कार्ड अजून घेतलेलं नाही. बाकी सगळं नंतर, आधी हे सांगतो. तू असतीस तर चप्पल काढायच्या आधी हेच विचारलं असतंस.

समाजाच्या मंडळातले दोघं आले होते. म्हणाले, नाना, आपल्या अंकात वहिनींचा फोटो छापतो, खाली मजकूर द्या. मागच्या कुणासाठी छापलेला नमुनाही दाखवला. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. मी म्हटलं, प्रेमळ राहू द्या, कष्टाळू दोनदा लिहा, पण मनमिळाऊ कोण? आधी पिठाच्या गिरणीवाल्याला विचारून या. ते बिचारे अर्धा चहा ठेवून उठले. मग माझ्या मनात आलं, लिहायचंच तर लोकांना कशाला, तुलाच लिहितो. मंडळाला छापायचं तर हेच छापू दे. घरात आपण जन्मभर अहिराणी बोललो, पण लिहायला मला चौथीतलं मराठी येतं. त्यात भागवून घे.

तर ते कार्ड.

तुला सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना नाही, म्हणून थोडं सांगतो. आमची सून ज्योती भेस्तानच्या घरात, वरच्या पत्र्याच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाईन काढते. आता नुसती डिझाईन काढून भागत नाही. मार्केटातल्या व्यापाऱ्याला साडी छापायच्या आधी नेसलेली बघायची असते. म्हणून ती कॉम्प्युटरातच एक बाई उभी करते, तिला साडी नेसवते, मग ती बाई गोल फिरते. पदर हलतो, निऱ्या हलतात. एवढं सगळं हलवायला कॉम्प्युटरच्या पोटात एक वेगळं कार्ड लागतं, ग्राफिक्स कार्ड म्हणतात. ज्योतीचं जुनं कार्ड जळालं. नवीन घ्यायचं तर दोन पसंत पडली, आणि दोन्हींचा भाव जवळजवळ सारखा. एकात आठ जीबी मेमरी, एकात बारा. भावात फरक असता तर भांडण झालंच नसतं. मी आठवाल्याच्या बाजूचा झालो आणि तू बारावाल्याच्या.

किशोर म्हणाला, "तुम्हा दोघांना त्यातलं काय कळतं?"

तू म्हणालीस, "तुले तरी काय समजस? तू तं टेम्पो चालाडस."

पोरग्याने आणखी एक भाकर मागून घेतली.

मी कापडाची लूम चालवणारा माणूस. मशीन कुठलंही असो, मी पहिलं विचारणार, मिनिटाला फेरे किती? ज्योतीने मोबाईलवर दोघांची माहिती काढली आणि एक एक वाचून दाखवली. आठवालं नव्या पिढीचं. वेग जास्त, वीज कमी खातं. बारावालं आधीच्या पिढीचं. वेगाला थोडं कमी आणि वीज जास्त खातं, म्हणजे तापणारही जास्त. मी म्हटलं, झालं तर मग. मे महिन्यात पोरगी पत्र्याखाली बसते, तिच्या पायाशी आणखी एक शेगडी कशाला पेटवून ठेवायची?

तू साडीवर खडे चिकटवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आनि बॉबिन सरी गयी म्हंजे?"

तू लूमला कधी हात लावला नाहीस, पण माझं ऐकून ऐकून तुला सगळं पाठ. लूम कितीही पळू दे, बॉबिनवरचा धागा संपला की ती थांबणार. तुझ्या हिशेबाने बारा म्हणजे मोठी बॉबिन आणि आठ म्हणजे छोटी. ज्योती टाळी वाजवून म्हणाली, "आई, एकदम बराबर! मेमरी फुल झाली की कार्ड अटकतं. मग बाकीचा माल कॉम्प्युटरच्या साध्या मेमरीतून आणावा लागतो. त्यात सगळं स्लो होऊन जातं."

"अगं पण रोज कुठे भरते ती?" मी म्हटलं. "जास्त काम बॉर्डरचं, नाहीतर ब्लाऊजपीसचं. ते आठात आरामात मावतं. अख्खी साडी नेसवायची वेळ येते कितीदा?"

तू म्हणालीस, "घरना मानसेपुरतं पातेलं कोनी लेस का? पाव्हना उना म्हंजे?"

मी म्हटलं, पाहुण्यासाठी मोठं पातेलं घ्यायचं आणि रोज दोन माणसांची भाजी त्याच्या तळाला शोधायची. तू म्हणालीस, मी कधी तळाला भाजी दिली तुम्हाला? आणि मग तीन भाज्यांची, दोन सणांची आणि माझ्या बहिणीच्या लग्नाची उजळणी झाली. कार्ड राहिलं बाजूला.

डोळ्यांनी बघितल्याशिवाय घ्यायचं नाही असं तू जाहीर केलंस, म्हणून आपण तिघं बसने दुकानात गेलो. दुकानवाला गुजराती, भला माणूस. "आवो काका, आवो बा," म्हणत त्याने दोन्ही कार्डं दोन कॉम्प्युटरांत बसवून चालू करून दाखवली. माझे कान लूमच्या आवाजाने अर्धे गेलेले, पण मशीन मी तळहाताने ऐकतो. चालू मशीनच्या अंगावर हात ठेवला की तिची तब्येत कळते. मी आठवाल्याच्या डब्यावर हात ठेवला. काही नाही. थरथर नाही, आवाज नाही. वाकून आत बघितलं तर कार्डाचे पंखेही उभे.

मी म्हटलं, "भाई, हे बंद आहे."

"चालु छे, काका."

"पंखा फिरत नाही आणि म्हणे चालू छे. म्हातारा दिसलो म्हणून मेलेला माल दाखवतोस का?"

तो आधी ज्योतीकडे बघायला लागला, मग हसत हसत स्टुलावर बसला. "काका, काम ना होय त्यारे पंखो बंध ज रहे."

तू पटकन म्हणालीस, "आपला मुकादम बी आसाच व्हता. काम बंद ते पंखा बंद."

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. कुणाला अहिराणी कळत नव्हती, तरी हसली. मी तुझ्याकडे डोळे वटारले आणि मलाच हसू फुटलं.

मग त्याने गाड्या पळायचा एक खेळ लावला. दोन्ही पडद्यांच्या कोपऱ्यात एक आकडा नाचत होता. ज्योती म्हणाली, एका सेकंदात कार्ड किती चित्रं काढतं त्याचा तो आकडा. आठवाल्याचा आकडा मोठा होता. चांगला दिसण्याइतका मोठा. मी टोपी सरळ केली. तुला म्हटलं, "बघ. डोळ्यांनी बघायचं होतं ना?"

"आमले काय गाडी पयाडनी शे?" तू त्या माणसाला म्हणालीस. "साडी उघाड."

ज्योतीने पेन ड्राईव्ह दिला. पूर्ण साडी, मोठा पदर, सगळं त्यात होतं. आठवाल्यावर ती बाई झटकन उभी राहिली, अर्धी फिरली, आणि आपल्याकडे पाठ करून थांबली. पदर हवेत तसाच. बारावाल्यावर ती सावकाश उभी राहिली, सावकाश फिरली, पण पूर्ण फिरून परत तोंडासमोर आली.

मी म्हटलं, "आठवालं अटकलं, पण थोड्या वेळाने सुटलं ना?"

"बारावाला अटकनाच नही."

"पण हळू आहे."

"हयू ते मी बी चालस," तू म्हणालीस. "मंग माले बी बदलशात का?"

त्या वेळी मी म्हणालो, बघू, दुकानवाल्याला विचारतो, बदलून मिळतं का. दुकानवाल्याने हात जोडले. "काका, घरे जईने नक्की करो." आपण रिकाम्या हाताने निघालो, बाहेर गाडीवरचा गरम लोचो उभ्याउभ्या खाल्ला, आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या एका परक्या बाईला तू दोन्ही कार्डांची सगळी माहिती सांगितलीस. ती बिचारी पांडेसराला उतरली तेव्हा बारावाल्याच्या बाजूची झाली होती.

एक गोष्ट मी तुला सांगितली नाही. ते दिवस मला फार चांगले गेले. लूम सुटल्यापासून आपण दोघं घरात समोरासमोर, आणि बोलायला काय उरलं होतं? गोळी घेतली का. मीठ कमी आहे. पाणी आलं का. या कार्डाने आपल्याला परत तरण्या माणसांसारखं भांडायला लावलं. सकाळी डोळा उघडला की मी पडल्यापडल्या नवा मुद्दा शोधायचो. मला वाटतं तूही शोधायचीस, कारण चहा देताना तुझ्या तोंडावर दिसायचं. ज्योतीचं काम अडलं होतं, तरी तिनेही घाई केली नाही. तिला आपली गंमत कळली होती. फार गुणी पोरगी.

आणि त्या दिवशी मी ओट्यावरून आत ओरडून म्हटलं, "ज्योती, चल, आज आठवालं आणूनच टाकू."

स्वयंपाकघरातून तुझा आवाज आला, "थांबा जरासं. माले आखो एक सांगनं शे."

मी म्हटलं, सांग.

"भाकर उतारी लेस, मंग सांगस."

भाकर उतरली नाही. करपल्याचा वास आला तेव्हा मी उठलो.

लोक विचारतात, शेवटचं काय बोलल्या? मी सांगतो, अजून एक सांगायचं आहे म्हणाली. ते मान हलवतात, त्यांना वाटतं काहीतरी मोठं असेल, देवाधर्माचं. मी त्यांना कार्डाचं सांगत नाही.

दहाव्याला तापीवर गेलो. तुझ्या माहेराकडून वाहत येते तीच तापी, फक्त इथे रुंद आणि मळकी. पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर होते, पण एक खाली उतरेना. सगळे इच्छा विचारायला लागले. किशोर हात जोडून म्हणाला, "माय, नानाले मी सांभाळसू." कावळा बघायला तयार नाही. तुझा भाऊ म्हणाला, बहीण, दर दिवाळीला तुझ्या नावाची साडी तुझ्या सुनेला करीन. नाही. मग ज्योती रडत रडत पुढे झाली. "आई, बारावालंच घेऊ." एक कावळा उडून भिंतीवर आला. आला आणि तिथेच बसला, मान तिरकी करून.

मग सगळे माझ्याकडे वळले. तुझा भाऊ कानाशी येऊन म्हणाला, "दाजी, बोली टाका ना. एक शब्द शे."

मी बोललो नाही. उन्हात सगळे उभे, बायकांच्या डोक्यावर पदर, आणि मी तोंड मिटून उभा. शेवटी महाराजांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. येताना मागे कुणीतरी म्हणालं, म्हातारा मेलेल्या बाईपुढेही हटला नाही. म्हणू दे. तुला खरं सांगतो. शब्द माझ्या जिभेवर होता. पण मी बोललो असतो तर तो कावळा खात्रीने उतरला असता, आणि तू समाधानाने निघून गेली असतीस. माझ्याजवळ काय राहिलं असतं? तुझं काहीतरी इथे अडकलेलं असू दे, असं वाटलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

घरी आल्यापासून मी तुझं सांगायचं राहिलेलं ते एक शोधतो आहे. ज्योतीला म्हटलं, दोन्ही कार्डांची माहिती परत वाच, एकही ओळ सोडू नको. तिने वाचली. लांबी? डब्यात दोन्ही बसतात. स्क्रीन किती लागतात? सारख्याच. वॉरंटी? सारखी. वीज देणारा डबा? बारावाल्याला जरा दमदार लागेल, तो मुद्दा तर माझा, तू कशाला सांगशील? मग तिने वाचलं की मेमरीतून माल आणायचा रस्ता बारावाल्याचा रुंद आहे आणि आठवाल्याचा अरुंद. मी उडालोच. पना! लूमवर कापडाची रुंदी म्हणजे पना, आणि पना मोठा असेल तर लूम हळू चालूनही माल जास्त निघतो. हे तू मला ऐकवलं असतंस तर मी खरंच गप्प झालो असतो. हेच असणार, मी म्हटलं. ज्योती हळूच म्हणाली, "पण नाना, ही ओळ मी आईंना कधी वाचून दाखवली नव्हती."

किशोर दारात उभा होता. तो माझ्यासारखाच तोंडाचा फटकळ. म्हणाला, "नाना, तिला मीठ आणायला सांगायचं असेल."

मी त्याला बोलणार होतो. मग आत जाऊन डबा उघडून बघितला. मीठ खरंच संपत आलं होतं.

आता ज्योतीचं सांगतो, कारण हे तुला आवडणार नाही. काम सोडता येत नाही म्हणून ती पेन ड्राईव्ह घेऊन मार्केटातल्या एका ऑफिसात जाते. तिथला माणूस जेवायला उठला की त्याच्या जागेवर बसते, तो आला की उठते. येता-जाता बसमध्ये उभी. माझ्यापुढे एक शब्द काढत नाही. परवा आली, मी तिला पाणी दिलं. तिने पाय चोळत चोळत मला म्हटलं, "नाना, आठवालं आणून टाका. मला चालेल. आई काही म्हणणार नाहीत."

चांगल्या मनाने म्हणाली पोरगी. पण मी पेला हातात घेऊन तिथेच बसलो. आई काही म्हणणार नाहीत. घाटावर एवढी माणसं रडली, महाराजांनी एवढे मंत्र म्हटले, पण तू गेलीस हे मला त्या पोरीने सांगितलं. मी आठवालं आणलं तर आतून आवाज येणार नाही. मी शंभर कार्डं आणली तरी येणार नाही. माझ्या मनाने मी तुला अडवून धरलं होतं, आणि अडकून पडली होती ती ज्योती. परक्याच्या खुर्चीच्या मागे, त्याचं जेवण व्हायची वाट बघत. तू हे बघितलं असतंस तर त्या करपलेल्या भाकरीचा तवा माझ्या डोक्यात घातला असतास.

म्हणून उद्या दुकान उघडलं की जातो. एकटाच जातो. तो भाई विचारेल, बा नथी आव्या, म्हणजे तू का नाही आलीस? काय सांगायचं ते बसमध्ये ठरवीन. बारावालं घेतो, वर वीज देणारा दमदार डबाही घेतो. पत्र्याखाली लावायला एक पंखा पण घेतो, कारण खोली तापणार आहे, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतो आहे.

तुझा मान राखायचा म्हणून घेतलं असं समजू नको. मेलेल्या माणसाला जिंकू देतात तसं मी तुला जिंकू दिलं, तर तुला राग येईल, हे मला माहीत आहे. पोरीला बसायला तिची खुर्ची मिळावी म्हणून घेतो. पोरीनेच तुला घाटावर बारावाल्याचा शब्द दिला आहे, तिचा शब्द खोटा पडू नये म्हणून घेतो.

मग तू जा. तुझं इथे काही राहिलं नाही. मीठ आणलं आहे. किशोर वेळेवर जेवतो. मी गोळी घेतो.

सावकाश जा, तुला चालायला त्रास होतो. आणि कुणी वाटेत विचारलंच, तर खोटं सांगू नको की म्हातारा शेवटी कबूल झाला. मला अजूनही आठवालंच बरं वाटतं.